डिस्क आहे, पण दिसत नाहीं

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याची १४ तारीख उलटली आणि विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारा नेहमींचा विनामूल्य आधार संपला. दहा वर्षें घरोघर रुळलेली ही सिस्टिम. ती काढून तिच्या जागीं विंडोज ११ किंवा लिनक्स घालण्याचें काम पुष्कळ घरांतून निघालें. कोठें तें दुकानदाराकडे सोंपविण्यांत आलें, तर कोठें कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें पेनड्राइव्ह तयार करून रविवारीं दुपारीं स्वतःच मांडी ठोकली. अशाच एका घरीं घडलेली हकीकत या विषयाच्या बहुतेक सगळ्या बाजू दाखविणारी आहे.

त्या घरांत लॅपटॉप एकच. २०२१ सालीं घेतलेला. आंत इंटेलचा ११ व्या पिढीचा प्रोसेसर आणि ५१२ जीबीची एसएसडी. त्यावर नातीचा अभ्यास चाले, नातवाचे खेळ चालत, आणि सकाळीं चहानंतर दोन तास तो आजोबांच्या स्वाधीन असे. आजोबा निवृत्त शिक्षक. घराण्यांतील जुने मोडी कागद वाचून ते बालबोधींत उतरून काढण्याचा त्यांना नाद. चार वर्षांचें तें काम त्याच एसएसडीवर होतें, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

नातवानें पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या. नवी सिस्टिम कोणत्या डिस्कवर घालावयाची हें विचारणारा पडदा आला तो कोरा. यादींत एकही नांव नाहीं. खालीं एवढीच सूचना कीं, कोणतीही डिस्क सांपडली नाहीं, ड्रायव्हर असल्यास तो द्यावा.

“आजोबा, यांत डिस्कच नाहीं म्हणतंय!”

“नाहीं कशी? सकाळींच तर लिहीत होतों मी त्यांत.”

आजोबांना संगणकाचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण त्यांच्या उत्तरांत सगळ्या प्रश्नाची किल्ली होती. सकाळीं चालत असलेली वस्तु दुपारीं कोणी हात न लावतां नाहींशी होण्याचा संभव थोडा. डिस्क नाहीं असें म्हणणारा कोण, आणि त्याला ती कां दिसत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. तें न पाहतां नवी डिस्क विकत आणणें म्हणजे काखेंत कळसा आणि गांवाला वळसा.

संगणकाचें बटण दाबल्यावर सर्वांत आधीं जागा होतो तो यंत्राच्या मुख्य फळ्यावरचा मूळ कारभारी. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. आतांच्या यंत्रांत तो यूईएफआय असतो, तरी लोकांच्या तोंडीं बायोस हेंच नांव राहिलें आहे. कोणकोणतीं उपकरणें जोडलेलीं आहेत याची पहिली मोजदाद हा कारभारी करतो. पेनड्राइव्हवरची नवी सिस्टिम त्यानंतर येते आणि आपली वेगळी मोजदाद करते. या दोन याद्या एकच असतील असा नियम नाहीं, आणि सारा घोटाळा येथेंच होतो. म्हणून यादी कोरी दिसतांच पहिलें काम म्हणजे यंत्र बंद करून बायोसची यादी पाहणें. त्यासाठीं यंत्र सुरू होतांना कोठें एफ २, कोठें डिलीट, कोठें एस्केप अशी कळ वारंवार दाबावी लागते. कोणती कळ तें त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. आंत साठवणीच्या सदराखालीं डिस्कचें नांव आणि आकार लिहिलेला आढळतो. येथें एक बारीकशी गोष्ट ध्यानांत ठेवावी. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेली डिस्क विंडोज ४७६ जीबी म्हणून दाखवितें. बनविणारा हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीनें, एवढाच यांतील भेद. या ३६ जीबींसाठीं दुकानदाराशीं भांडून आलेले गृहस्थ कांहीं थोडेथोडके नाहींत.

बायोसच्याच यादींत डिस्क नसेल, तर दोष तारेंत, खांचेंत किंवा खुद्द डिस्कमध्यें असतो. तेथें सिस्टिमचा, ड्रायव्हरचा कांहीं संबंध नाहीं. टेबलावरच्या मोठ्या संगणकांत साटा डिस्क असेल तर तिला दोन जोडण्या लागतात: एक विजेची, एक माहितीची. यांपैकीं एक सैल झाली तरी डिस्क मुकी होते. लॅपटॉपमधली एसएसडी बहुधा एम डॉट टू जातीची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असल्यामुळें तिला २२८० म्हणतात. ती खांचेंत तिरकी घालून मग खालीं दाबावी लागते आणि शेवटीं इवल्याशा स्क्रूनें बसवावी लागते. नुकताच लॅपटॉप उघडून नवी पट्टी बसविली असेल तर ती पुरती आंत गेली नाहीं, हें कारण सर्वांत आधीं तपासावें. हें काम अर्थात् यंत्र बंद करून, चार्जर काढून करावयाचें.

याहून फसवें कारण दुसरेंच आहे. एम डॉट टू हें केवळ आकाराचें नांव होय. त्या आकाराच्या पट्ट्या दोन भाषा बोलतात. कांहीं जुन्या साटाची, कांहीं नव्या एनव्हीएमईची. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईच्या पट्टीला एक. जी खांच फक्त एनव्हीएमईसाठीं केलेली आहे तिच्यांत साटाची पट्टी नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि तरीही यंत्राच्या लेखीं तेथें कांहीं नसतें. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली पट्टी सदोष नसते. ती चुकीच्या घरीं गेलेली असते. उलट प्रकारही होतो. कांहीं मदरबोर्डांवर एम डॉट टूची खांच वापरली कीं साटाच्या एकदोन जोडण्या आपोआप बंद पडतात, कारण दोहोंचा रस्ता एकच असतो. नवी एसएसडी घातली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, अशी तक्रार अनेकदां यामुळेंच उद्भवते. जुन्या डिस्कची तार दुसऱ्या जोडणींत घातली कीं काम भागतें.

फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मात्र टकटक असा आवाज करीत असेल आणि बायोसला दिसत नसेल, तर तिला पुन्हां पुन्हां वीज देऊन पाहण्याचा मोह आवरावा. आंतील माहिती मोलाची असल्यास ती तशीच बंद ठेवून, माहिती परत मिळविण्याचें काम जाणणाऱ्याकडे न्यावी.

त्या घरीं मात्र बायोसमध्यें एसएसडीचें नांव स्वच्छ लिहिलेलें होतें. म्हणजे डिस्क जिवंत होती, जागेवर होती; दिसत नव्हती ती फक्त नव्या सिस्टिमला. असें होण्याचें कारण समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

सिस्टिम आणि डिस्क यांच्यामध्यें नेहमीं एक दुभाषी उभा असतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. सिस्टिम बनविणारे त्या काळीं चालू असलेल्या उपकरणांचे दुभाषी तिच्याबरोबर देतात. पण पुढें निघणाऱ्या उपकरणांचे दुभाषी ते कोठून देणार? विंडोज एक्सपी २००१ सालीं निघाली. साटा डिस्क त्यानंतर आल्या, आणि त्यांची नवी चाल एक्सपीला कळेना. तेव्हां एक्सपी घालतांना अगदीं आरंभीं एफ ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून दुभाषी द्यावा लागे. ज्या यंत्रांत फ्लॉपीची सोयच उरली नव्हती, त्यांच्या मालकांनीं केवळ तेवढ्यासाठीं फ्लॉपी ड्राइव्ह पैदा करावा, असे ते दिवस होते. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आली आणि पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर देतां येऊं लागला. तरीही इंटेलच्या ड्रायव्हरच्या फोल्डरचें नांव पुढें वर्षानुवर्षें ‘एफ६एफएलपीवाय’ असेंच राहिलें. एफ ६ ही कळ आणि फ्लॉपी, दोन्ही इतिहासजमा झालीं. नांव मात्र उरलें. विंडोज ७ ची गतही एक्सपीसारखीच झाली. ती २००९ सालची, आणि एनव्हीएमईचा पहिला मसुदा २०११ सालचा. म्हणून नव्या यंत्रावर विंडोज ७ घालूं पाहणाऱ्यांना कोरी यादी दिसे. एनव्हीएमईचा दुभाषी विंडोज ८.१ बरोबर आला.

आतां विंडोज ११ ला एनव्हीएमई चांगली समजते. मग या लॅपटॉपची एसएसडी तिला कां दिसूं नये? याचें उत्तर व्हीएमडी या तीन अक्षरांत आहे. व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस हें तिचें पूर्ण नांव. अनेक डिस्क एकत्र हाताळण्यासाठीं इंटेलनें ही योजना मोठ्या सर्व्हरांकरितां केली होती. २०२० सालीं निघालेल्या ११ व्या पिढीपासून ती घरगुती प्रोसेसरांतही आली, आणि पुष्कळ लॅपटॉप कंपन्या ती चालू ठेवूनच यंत्र विकूं लागल्या. व्हीएमडी चालू असली कीं एसएसडी समोर राहत नाहीं; ती पडद्याआड बसते आणि दाराशीं व्हीएमडी उभी राहते. दरबारांत आलेल्या वकिलाची भाषा सर्वांना येत असावी, पण त्याला भेटण्यापूर्वीं ज्या देवडीवाल्याशीं बोलावें लागतें त्याची भाषा कोणासच येऊं नये, तसा हा प्रकार. कंपनीनें घालून दिलेल्या विंडोजमध्यें व्हीएमडीचा दुभाषी आधींच असतो. म्हणून आजोबांचें काम रोज बिनबोभाट चाले. पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या विंडोजजवळ तो नव्हता.

नातवाला हें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यानें फोनवर शोध घेतला. कोणीतरी लिहिलें होतें कीं, बायोसमध्यें जाऊन व्हीएमडी बंद करावी. त्यानें ती बंद केली. पेनड्राइव्ह पुन्हां लावतांच यादींत एसएसडी आली, तिचे चारपांच भाग एकाखालीं एक आले. सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता.

एकेक भाग निवडून पुसण्याच्या बेतांत तो असतां आजोबा मागें येऊन उभे राहिले. “अरे, हें पुसलेंस म्हणजे माझे कागद राहतील ना?”

मुलाचा हात थांबला, हें त्या घराचें भाग्य. ही यादी आली कीं पुष्कळांना वाटतें कीं आतां कठीण काम संपलें. वस्तुतः सर्वांत मोठा धोका याच पडद्यावर असतो. यंत्रांत दोन डिस्का असल्या आणि हवी ती दिसत नसली, तर जी दिसते तिच्यावरच घाव पडतो. ती कधीं फोटोंनीं भरलेली जुनी हार्ड डिस्क असते, कधीं खुद्द पेनड्राइव्ह असतो. आकाराचा आंकडा वाचून, ओळख पटवूनच पुढें जावें. आणि आंत कोणाचें काय आहे हें घरांत विचारल्याशिवाय तर मुळींच जाऊं नये.

नातवानें सगळें रद्द केलें आणि जुनी विंडोज उघडून आजोबांचा फोल्डर आधीं बाहेर काढूं म्हणून यंत्र पुन्हां सुरू केलें. समोर आला निळा पडदा, आणि त्यावर सिस्टिम असलेली डिस्क हातीं लागत नाहीं अशा अर्थाचे इंग्रजी शब्द: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. तीन वेळां बंद-चालू केलें, तीन वेळां तेंच. संध्याकाळीं लॅपटॉप दुकानांत गेला. तेथें निदान झालें कीं विंडोज उडाली आहे, फॉरमॅट करावें लागेल, आंतलें कांहीं राहणार नाहीं. आजोबा कांहींच बोलले नाहींत. लॅपटॉप पिशवींत घालून ते घरीं घेऊन आले, आणि त्या रात्रीं नीटसे जेवलेही नाहींत.

दुसऱ्या दिवशीं नातीनें भावाला एकच प्रश्न केला. “दादा, निळा पडदा येण्याच्या आधीं तूं शेवटचें काय बदललेंस?”

बदललेली गोष्ट एकच होती. जुन्या विंडोजला व्हीएमडीच्या देवडींतून आंत जाण्याची संवय होती. देवडीच हटली, तेव्हां तिला घर सांपडेना. घर मात्र जागच्या जागीं होतें. आंतील एकही अक्षर हललेलें नव्हतें. व्हीएमडी पुन्हां चालू करणें एवढाच उपाय होता, आणि फॉरमॅट केलें असतें तर तोही उरला नसता.

तरीही नातीनें बायोसला हात लावण्यापूर्वीं एक शहाणपण केलें. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत डिस्कवरची माहिती बिटलॉकरनें कुलूपबंद केलेली असते. घरांत तें कोणाला ठाऊकही नसतें, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें लॉगिन करतांच तें कुलूप आपोआप लागलेलें असतें. बायोसमध्यें कांहीं बदल झाला कीं यंत्र चोरीस गेलें असावें अशी शंका घेऊन हें कुलूप किल्ली मागण्याचा संभव असतो. किल्ली म्हणजे ४८ आंकडे, सहासहांचे आठ गट. ती बहुधा ज्याच्या खात्यानें यंत्र प्रथम सुरू झालें त्या खात्यांत जपलेली असते. आणि या घरीं तें खातें होतें कामानिमित्त परगांवीं असलेल्या वडिलांचें. फोनवरून बाबांनीं एकेक गट वाचावा, नातीनें वहींत उतरावा आणि पुन्हां वाचून दाखवावा, असें पंधरा मिनिटें चाललें. मग तिनें व्हीएमडी चालू केली. कुलुपानें किल्ली मागितली नाहीं. विंडोज नेहमींप्रमाणें उघडली, आणि आजोबांचा फोल्डर आदल्या दिवशीं सकाळीं होता तसाच निघाला. त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर गेली, तेव्हां कोठें आजोबा खुर्चीवरून उठले.

नवी सिस्टिम घालण्याचा मार्ग आतां मोकळा होता, आणि तो दोन तऱ्हांनीं करतां येण्यासारखा होता. पहिली तऱ्हा व्हीएमडी बंद करूनच नवी विंडोज घालण्याची. एकच एसएसडी असलेल्या घरगुती यंत्रांत व्हीएमडीवांचून कांहीं अडत नाहीं, आणि डिस्क कोरीच करावयाची असल्यामुळें जुन्या विंडोजच्या संवयीचा प्रश्न उरत नाहीं. जुनी विंडोज ठेवून व्हीएमडी बंद करावयाची असेल तर मात्र आधीं विंडोजला पुढच्या वेळीं सेफ मोडमध्यें उघडण्याची आज्ञा द्यावी, मग बदल करावा. सेफ मोडमध्यें ती नवी वाट शोधून घेते. कांहीं यंत्रांत व्हीएमडीचा पर्याय दिसतच नाहीं. एसरच्या अनेक लॅपटॉपांत बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस या कळा एकदम दाबल्यावर तो प्रगट होतो.

नातीनें दुसरी तऱ्हा पत्करली: देवडी राहूं द्यावी आणि तिचा दुभाषी बरोबर न्यावा. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा क्रमांक घालून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर तिनें उतरवून घेतला, पेनड्राइव्हवर ठेवला, आणि कोऱ्या यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखविला. पुन्हां कांहींच नाहीं. या ठिकाणीं निम्मे लोक हात टेकतात. कारण साधें असतें: उतरविलेली वस्तु ही गांठोडें असते, आणि विंडोजला हवे असतात आंतील सुटे कागद, त्यांतही ‘आयएनएफ’ शेपटीचा. इंटेलच्या ‘सेटअप-आरएसटी’ या गांठोड्याला कमांडच्या पडद्यावर ‘एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स’ अशी आज्ञा जोडून दिली कीं तें सुटें होतें. तसें केल्यावर व्हीएमडीचा फोल्डर पेनड्राइव्हवर गेला, आणि या वेळीं यादींत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ असें नांव आलें. तें निवडल्यावर कांहीं क्षणांत मागच्या पडद्यावर एसएसडी उभी राहिली. या यंत्राशीं न जुळणारे ड्रायव्हर लपवावे अशी एक चौकट तेथें असते. तिच्यावरची खूण तशीच राहूं द्यावी, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या नांवांत घोटाळा होत नाहीं.

एएमडीच्या यंत्रांत व्हीएमडी नसते. पण बायोसमध्यें रेड चालू असेल तर तेथेंही यादी कोरी राहते आणि एएमडीचे तीन ड्रायव्हर एकामागून एक द्यावे लागतात. लिनक्स घालणारांना व्हीएमडीचा त्रास फारसा होत नाहीं, कारण अलीकडच्या कर्नलमध्यें तिचा दुभाषी अंगचाच असतो. त्याआधींच्या पिढ्यांच्या इंटेल यंत्रांत मात्र बायोस रेडवर ठेवलेला असल्यास लिनक्सला एसएसडी दिसत नाहीं. उबुंटू तर तशी सूचना देऊन थांबते. तेथें एएचसीआय हा पर्याय निवडावा लागतो, आणि शेजारीं विंडोज नांदत असेल तर सेफ मोडची तीच खबरदारी तेथेंही घ्यावी लागते. डिस्क यादींत दिसते, पण विभागणी जीपीटीची आहे किंवा एमबीआरची आहे म्हणून विंडोज तिच्यावर बसण्यास नकार देते, हा प्रकार अगदीं निराळा. तेथें ड्रायव्हर शोधण्यांत वेळ दवडूं नये.

त्या घरीं विंडोज ११ बसण्यास पाऊण तास लागला. पुसण्याच्या वेळीं नातीनें आजोबांना शेजारीं बसवून घेतलें आणि प्रत्येक भागाचा आकार त्यांना मोठ्यानें वाचावयास लावला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहानंतर त्यांनीं फोल्डर उघडला. कागद सगळे होते. मोडीचा फॉन्ट तेवढा नव्या सिस्टिमवर घालावयाचा राहिला होता, तो तिनें कॉलेजांतून आल्यावर संध्याकाळीं घातला.